कॅप्टन डनफींचा हुकूम

“सफरमैनेचा गडी आपली जागा सोडत न्हाई. आभाळ खाली आलं तरी सोडत न्हाई,” हवालदार जगदाळे म्हणाले आणि बसल्या जागी डाव्या अंगावर कलंडले.

मी त्यांना उचलून पुन्हा बांबूच्या खांबाला टेकवलं. उचलायला कष्ट पडले नाहीत. वाळत घातलेली घोंगडी त्यांच्यापेक्षा जड भरली असती. समोर एक ऑस्ट्रेलियन शिपाई पत्र्याच्या डब्यात चहाचं पाणी उकळत बसला होता. मान वर न करता त्यानं विचारलं, “काय म्हणतोय म्हातारा?”

म्हाताऱ्यानं अजून पंचेचाळिशी गाठली नव्हती. मी म्हणालो, “निघायची तयारी आहे म्हणतात, सर.”

ही न्यू गिनी बेटावरची गोष्ट, लढाईच्या शेवटच्या वर्षातली. आम्ही खडकीच्या सफरमैना पलटणीचे. म्हणजे पूल बांधणारे, रस्ते करणारे आणि वेळ पडली तर आपलेच पूल आपणच उडवणारे लोक. सिंगापूर पडलं तेव्हा आम्ही जपान्यांच्या हाती लागलो. त्यांनी आम्हाला बोटीत कोंबून या बेटावर आणलं आणि रस्ते खणायला लावलं. पुढं त्यांचंच धान्य संपलं. तेव्हा ते बेडूक खाऊ लागले, आणि त्यांनी नापसंत केलेले बेडूक आम्ही. मग एका सकाळी ते डोंगरात निघून गेले. आम्हाला चला म्हणाले नाहीत, राहा म्हणाले नाहीत. तोवर आमच्या तुकडीत हवालदार आणि मी एवढेच उरलो होतो. बाकीची पोरं झोपडीमागच्या उतारावर, ओळीनं, हवालदारांनी स्वतः खणलेल्या खड्ड्यांत निजली होती.

मी म्हणजे धोंडू परब, ऑफिसर मेसमधला वेटर. लढाईत माझ्या हातून पडलेलं एकमेव भांडं चिनी मातीचं होतं. माझं इंग्रजीही मेसमधलंच. सूप गरम आहे, साहेब झोपले आहेत, बाटली संपली आहे, या तीन वाक्यांवर मी पाच वर्षं काढली होती, आणि पुढं जपान्यांपुढं तीही निरुपयोगी ठरली.

त्या सकाळी ऑस्ट्रेलियनांची गस्त आमच्या झोपडीवर येऊन आदळली. त्यांच्या सार्जंटनं आमच्याकडे बघितलं, मग बराच वेळ झाडांकडे बघितलं. बिस्किटं दिली, गोळ्या दिल्या. त्यांना जपान्यांच्या मागावर वर डोंगरात जायचं होतं. एका शिपायाचे पाय ओलीनं कुजले होते, मोजे काढले की कातडीही सोबत यायची. तो वर चढायच्या कामाचा नव्हता, म्हणून आम्हाला नदीच्या मुखापर्यंत उतरवून न्यायचं काम त्याच्या गळ्यात पडलं. तिथून दुसऱ्या दिवशी सकाळी एक बोट जायची होती, दवाखान्याकडे. त्यानंतरची बोट कधी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. जाता जाता सार्जंटनं हवालदारांकडे डोळ्यानं खूण करून त्या शिपायाच्या कानात सांगितलं, की हा माणूस दुसऱ्या बोटीपर्यंत टिकायचा नाही. हळू बोललेलं ऐकू येणं हा वेटरच्या धंद्याचा भागच असतो.

तर तो हा शिपाई. क्लॅरी डनफी. उंच, वाकलेला, हिवतापाच्या गोळ्या खाऊन खाऊन नवरदेवासारखा हळदुला झालेला. गावाकडे मेंढ्यांची लोकर कातरायचा. पाच वर्षं पायदळात होता. लिबियाची वाळू, ग्रीसचे डोंगर, मग घरी थोडे दिवस, मग हा चिखल. हे सगळं त्यानं नंतर चालताना सांगितलं, पण एस.टी.चे थांबे सांगावेत तसं. उतरण्यासारखं त्यात कुठंच काही नव्हतं.

चहा झाला. त्याच्या पाठपिशवीला कान असलेला पत्र्याचा एक पेला लटकत होता. तो त्यानं भरून हवालदारांच्या हातात दिला आणि स्वतः डब्याच्या झाकणातून प्यायला लागला. झाकण तापलेलं होतं, त्यामुळे दर घोटाला तो त्याला काहीतरी बोलायचा. ते मेसमधल्या इंग्रजीत नव्हतं.

हवालदारांनी चहा संपवला, पेला मांडीवर ठेवला आणि मला पुन्हा सांगितलं की आपण येणार नाही.

कारण साधं होतं. सिंगापुरात जपान्यांनी गोरे ऑफिसर वेगळे काढले, तेव्हा आमच्या कॅप्टनसाहेबांनी जाताना हवालदारांना हुकूम दिला होता: माणसं तुमच्या ताब्यात, मी येईन किंवा दुसरा ऑफिसर येईल, त्याच्या हाती सोपवेपर्यंत सोडायची नाहीत. कॅप्टनसाहेब ट्रकात चढले आणि बहुधा तेव्हाच ते विसरले. हवालदार विसरले नाहीत. आता माणसं म्हणजे मी आणि तो उतार. मला नेता आलं असतं, उताराला नेता येत नव्हतं. अंगात ताप असला तरी रोज सकाळी ते सरपटत जाऊन त्या ओळीतलं गवत उपटायचे.

“तू जा त्याच्यासंगं,” ते म्हणाले. “मी हितंच बसतो. ऑफिसर आला की चार्ज दीन आन् येतो.”

मी क्लॅरीला अदबीनं विचारलं, सर आपण ऑफिसर आहात का. त्याला हसू आलं, पण ते शेवटपर्यंत न्यायचं त्राण त्याच्यात नव्हतं. दोनदा लान्स कॉर्पोरल केला होता म्हणे त्याला, आणि दोन्ही वेळा बाहीवरची पट्टी शिवून व्हायच्या आत उसवावी लागली होती.

मी वळून हवालदारांना म्हणालो, “कॅप्टन आहेत.”

हवालदारांनी त्याला पायांपासून बघायला सुरुवात केली. तो अनवाणी होता. शर्टाला एकच गुंडी, तीही चुकीच्या काजात.

“खांद्यावर बिल्ला कुटं हाय?”

“जपानी निशाणबाज ऑफिसरांनाच टिपतात, म्हणून इथं कुणी लावत नाही.” हे मात्र खरं होतं. सार्जंटनंच सकाळी सांगितलं होतं.

“आन् च्या सवता करतोय?”

“त्यांच्या देशात तशी पद्धत आहे.”

हवालदारांनी मांडीवरच्या पेल्याकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, “बरं. सायबास्नी म्हणावं, परेड बघून घ्या.”

मी क्लॅरीला समजावलं. आमच्याकडे निघण्याआधी एक रिवाज असतो, आपण फक्त एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचं आणि शेवटी ‘व्हेरी गुड’ म्हणायचं. त्याचं लक्ष झोपडीमागच्या उताराकडे गेलं. बांबूच्या खुंट्या तिथून दिसत होत्या. असल्या ओळींवरून मी खूप चाललोय, मेट, तो म्हणाला. हे टळणार नाही का? मी म्हणालो, टळलं तर हवालदारही इथंच राहतील. त्यानं उसासा टाकला आणि फडकी गुंडाळून पाय बुटांत घातले. बराच वेळ लागला त्याला.

हवालदार उभे राहिले. कसे राहिले ते मला विचारू नका, मी शेजारी होतो तरी मला दिसलं नाही. त्यांनी ‘सावधान’चा हुकूम दिला. आवाज फाटून गेला होता, पण झाडावरचे पक्षी उडाले. ओळीत पहिला मी, कमरेला फडकं गुंडाळून, आणि माझ्या डावीकडे सगळे.

क्लॅरी माझ्यासमोर आला. माझ्या पावलांकडे बघून म्हणाला की यांच्यावर काहीतरी बांध, नाहीतर माझ्यासारखी गत होईल. मग तो पुढच्या खुंटीशी गेला. हवालदार मागून म्हणाले, “सॅपर गणू शेलार.” क्लॅरी थांबला. त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

“सॅपर महिपत चाळके.” तो पुढच्या खुंटीशी थांबला.

“नाईक शिवा बोडके.” शिवाची खुंटी पावसानं कलली होती. क्लॅरीनं ती सरळ केली आणि त्या सडक्या पायानं बुंध्याची माती दाबली. दुखलं असणार, त्यानं नुसतीच मान खाली घातली. असं करत तो ओळीच्या टोकापर्यंत गेला. कुठंही घाई केली नाही. नावं संपली तेव्हा तो हातात टोपी घेऊन तिथंच उभा राहिला आणि ‘व्हेरी गुड’ म्हणायचं साफ विसरला.

हवालदारांनी सलाम ठोकला. मी घसा खाकरला, तेव्हा क्लॅरीच्या लक्षात आलं. त्यानं गडबडीनं टोपी डोक्यावर घातली आणि माशी हाकलावी तसा हात कपाळाकडे नेला.

“चार्ज दिला,” हवालदार म्हणाले. “चल परबा.”

मला वाटलं, सुटलो. मेसमध्ये अशा वेळी आम्ही म्हणायचो की सूप उतरलं, आता जेवण आपोआप होईल. पण माझंच कर्तृत्व माझ्या अंगावर उलटायचं होतं. कॅप्टन बरोबर असल्यावर हवालदार कॅप्टनसमोर बसणार कसे? पहिल्याच थांब्याला क्लॅरी एका ओंडक्यावर टेकला आणि हवालदार त्याच्यासमोर ताठ उभे. पाय लटलट कापतायत, डोळे फिरलेले, पण हात शिवणीला लावलेले. शिवण अर्थात नव्हती, मांडीच होती. क्लॅरी म्हणाला, बसव त्याला. मी सांगितलं. हवालदार बसले. इतक्यात क्लॅरीला बुटातली जळू काढायला उठावं लागलं, तसे हवालदार पुन्हा उभे. क्लॅरी बसला, हवालदार बसले. क्लॅरी उठला, हवालदार उठले. तिसऱ्या थांब्यापर्यंत त्या माणसाच्या अंगात जो काही जीव बाकी होता, तो या उठाबशांतच चालला होता. उतारावरच्या एका ओढ्याशी ते शेवटचे उठले आणि तसेच पुढं चिखलात तोंडावर पडले.

आम्ही दोघांनी त्यांना पालथ्याचं उताणं केलं. क्लॅरीनं त्यांच्या तोंडातला चिखल बोटानं काढला. मग मला म्हणाला, “हा माणूस माझ्यासमोर असा का वागतोय, ते आता सांग.”

मी सांगून टाकलं. त्यानं ऐकून घेतलं. रागावला नाही, रागवायला अंगात काहीतरी शिल्लक लागतं. म्हणाला, कॅप्टन? मी म्हणालो, हो सर. म्हणाला, पाच वर्षांत मी कुणाला काही कर म्हणालो नाही. बायकोलासुद्धा नाही. आणि माझं ऐकणारा पहिलाच माणूस भेटला, तो हा हाडांचा सापळा.

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, “मी हुकूम दिला तर ऐकेल?”

“ऐकतील.”

“मग सांग, माझ्या पाठीवर बसायचं. हुकूम आहे.”

हवालदार शुद्धीवर आले होते. मी हुकूम सांगितला. त्यांनी साफ नकार दिला. कॅप्टनच्या पाठीवर हवालदार बसला हे पलटणीत कळलं तर लोक काय म्हणतील? मी म्हणालो, इथं लोक कुठं आहेत, इथं जळवा आहेत. ते म्हणाले, लोक नसले तरी आपण हाय न्हवं. उन्हं झाडांच्या शेंड्यावर गेली होती, नदीचं मुख अजून दिसत नव्हतं, आणि बोट सकाळी सुटायची होती.

क्लॅरीनं आमचं बोलणं संपायची वाट बघितली नाही. तो खाली वाकला, हवालदारांना काखेत धरून एका झटक्यात बुडावर बसवलं, वळवलं आणि पाठीवर घेतलं. मेंढ्यांशी आयुष्य काढल्याचा परिणाम असणार. हवालदारांना विरोध करायला सवड मिळाली नाही. बंदूक आणि पिशवी माझ्याकडे आली. पेला हवालदारांच्या हातात राहिला. सकाळपासून तो त्यांनी सोडलाच नव्हता.

आम्ही चालू लागलो. क्लॅरीच्या बुटांतून पाणी आणि आणखी काहीतरी, पावलागणिक पचकन बाहेर यायचं. मी मागून चालताना ते बघत होतो. मग त्याच्या खांद्यावरून हवालदारांचा आवाज आला.

“परबा, ह्यो कॅप्टन न्हाई.”

मी ठेचकाळलो.

“लई अवघड झालं तुला खोटं बोलताना. म्हटलं चालू दे.”

“कधी कळलं तुम्हाला?”

“च्या दिला तवाच. कॅप्टन आदी सवता पितो. ह्याच्याजवळ एकच प्येला, त्यो मला दिला आन् ह्यो तापल्याल्या झाकणातनं ओठ भाजत बसला.”

क्लॅरीनं मधेच विचारलं की काय चाललंय. मी म्हणालो, कॅप्टनसाहेब छान चालतात म्हणतायत. क्लॅरी म्हणाला, त्याला सांग, त्याचे गुडघे कुंपणाच्या खुंट्यांसारखे टोचतायत.

पण मला राहवलं नाही. म्हणालो, “ठाऊक होतं तर चार्ज कसा दिला? तुम्ही तर ऑफिसरशिवाय जागा सोडणार नव्हता.”

त्यांनी हातातला पेला छातीशी धरला.

“त्यानं टोपी काढली,” ते म्हणाले. “परेड बघताना ऑफिसर टोपी काढत न्हाई. सलाम ठोकतो आन् फुडं जातो. टोपी काढायची चूक ऑफिसरच्या हातनं व्हायची न्हाई. मयताच्या घरी गेल्यावर मानूस टोपी काढतो. शिवाची खुटी सरळ केली त्यानं. मी त्याला म्हटलं नव्हतं. चार्ज दिला तवापास्नं माझा सायब ह्योच, म्हनून उठत हुतो.” मग जरा दम घेऊन म्हणाले, “दुसरा ऑफिसर आला असता न्हवं, त्यानं मोजली असती पोरं.”

पुढं आम्ही अर्धा डोंगर उतरलो. मग ते हळूच म्हणाले, “त्याला सांगू नगंस मला कळलंय म्हनून. आत्ताशी कुटं जमाय लागलंय त्याला.”

रात्र आम्ही एका कपारीत काढली आणि उजाडताच पुन्हा निघालो. नदीच्या मुखाशी पोचलो तेव्हा बोटीचं इंजिन सुरू झालेलं होतं. आणि काठावर, इस्त्री केलेल्या शर्टात, एक खराखुरा कॅप्टन उभा होता. डोक्याला तेल, हातात छडी. मेसमध्ये असे मी शेकड्यांनी बघितले होते. त्याचं सूप कोमट झालं तर तो काय म्हणेल हेही मी सांगू शकलो असतो. त्यानं विचारलं, इथं मुख्य कोण?

क्लॅरी धापा टाकत होता. हवालदारांनी त्याच्या खांद्यावर थोपटून आपल्याला खाली उतरवायला सांगितलं. ते उभे राहिले. खऱ्या कॅप्टनला त्यांनी सलाम केला, अगदी कायदेशीर, त्यात कुणाला काही खोट काढता आली नसती. मग डावीकडे वळले आणि क्लॅरीला दुसरा सलाम केला. तो हात खाली यायलाच तयार नव्हता.

“कॅप्टन डनफी सायबास्नी इचार,” ते मला म्हणाले, “जायाची परवानगी हाय का?”

मी विचारलं. इंग्रजीत. ‘कॅप्टन डनफी’ हे शब्दही मी गाळले नाहीत, कारण हवालदार माझ्या तोंडाकडे बघत होते.

खऱ्या कॅप्टननं क्लॅरीकडे बघितलं. क्लॅरीनं आपल्या बुटांकडे बघितलं. ओठ भाजलेले, शर्ट चिखलानं बरबटलेला, गुंडी अजून चुकीच्याच काजात. मग त्यानं टोपी नीट केली, टाचा जुळवल्या आणि सलामाला उत्तर दिलं. या वेळी माशी हाकलली नाही.

“त्याला सांग,” तो म्हणाला, “उद्या मला परत वर जायचंय, माझी माणसं तिकडं आहेत. त्याच्या पोरांवरूनच वाट आहे. मी त्यांच्याकडे डोकावून जाईन. गवताचंही बघतो.”

मी सांगितलं. हवालदारांनी मान हलवली. खरा कॅप्टन यावर काहीतरी बोलणार असं मला वाटलं. पण तो एकदम वळला आणि बोटीचा दोर नीट बांधलाय की नाही ते बघू लागला. दोर नीटच होता.

हवालदार त्यातून वाचले. पुढं खटावला सुनांवर ओरडत पुष्कळ वर्षं जगले. हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणाला घोर नको.

त्यांना स्ट्रेचरवर घालून बोटीत चढवलं. मी शेजारी बसलो. बोट काठापासून सुटली आणि मधे पाण्याचा पट्टा रुंदावू लागला, तेवढ्यात क्लॅरी काठावरून धावत आला. त्या पायांनी त्याला धावायला लागावं असं काय घडलं ते कळेना. तो सरळ पाण्यात शिरला, गुडघाभर, कमरेइतका, आणि हात वर करून ओरडू लागला. बोटीतले सगळे वळून बघायला लागले. हवालदार कोपरावर जोर देऊन उठले. डावा हात छातीशी घट्ट होता, उजवा आधीच कपाळाकडे निघालेला.

“काय म्हणत्यात सायब?” त्यांनी विचारलं. “हुकूम हाय का काय?”

त्या सबंध प्रवासात मी पहिल्यांदाच शब्दाला शब्द लावून भाषांतर केलं.

“म्हणतायत, पेला तेवढा परत द्या. त्यांच्याकडे दुसरा नाही.”